टाळेबंदीतले आमचे दिवस
(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त बोनकोडे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीच्या तरुण कार्यकर्त्यांनी आम्हास विषय दिला तो असा, की कोरोनाच्या टाळेबंदीत आपल्या वस्तीतल्या वयस्क माणसांचे दिवस कसे गेले ते सांगा. आम्ही म्हटलं, अरे बाबांनो, त्यात सांगण्यासारखं काय आहे? घरात बसून होतो. तर एक पोरगा म्हणाला, "आजोबा, तेच सांगा. बसून होता म्हणजे काय करत होता?" तेव्हा जे आठवतं ते सांगतो. आम्ही वक्ते नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षे फिटर म्हणून काम केलं, त्यामुळे बोलणं थोडं इकडचं तिकडचं होईल, ते सांभाळून घ्यावं. आणि 'आम्ही' म्हणतो त्यात आम्ही एकटे नाही. संध्याकाळी विहाराच्या पायरीवर टेकणारी साठी-सत्तरीची सगळीच मंडळी त्यात धरावीत.

आपणा सर्वांस विदित आहेच, की २२ मार्च २०२० रोजी रविवारी जनता संचारबंदी झाली. संध्याकाळी पाच वाजता लोकांनी थाळ्या वाजवल्या. त्याच रात्रीपासून लोकल गाड्या थांबल्या. मंगळवारी, २४ तारखेला रात्री आठ वाजता दूरदर्शनवर घोषणा झाली आणि २५ मार्चपासून एकवीस दिवस सगळा देश बंद. एकवीस दिवस म्हणता म्हणता ३ मे झाला, मग १७ मे, मग ३१ मे. मे महिन्याच्या सरकारी आदेशात तर स्पष्टच लिहिलेलं होतं, की ६५ वर्षांवरील व्यक्तींनी अत्यावश्यक कारणाशिवाय घरातच राहावे. आमचं वय तेव्हा ६८. म्हणजे आम्ही त्या आकड्याच्या आत बरोबर सापडलो.

आता घर म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. नवी मुंबई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सिडकोचे सेक्टर आणि रुंद रस्ते येतात. १९७० साली सिडको स्थापन झाली, आगरी-कोळी भूमिपुत्रांच्या जमिनी गेल्या, शहर उभं राहिलं आणि गावठाणं मात्र मध्येच राहिली. बोनकोडे त्यातलंच. गरजेपोटी घरांवर घरं चढली आणि त्या घरांत भाड्याने आलो आम्ही, कुणी साताऱ्याकडून, कुणी मराठवाड्यातून, कुणी कोकणातून. आमच्या मजल्यावर खोल्या पाच आणि संडास दोन. खोली दहा बाय बाराची, त्यात आम्ही, आमची मंडळी, मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडं. टीव्हीवर सांगत, माणसामाणसांत सहा फुटांचं अंतर ठेवा. आम्ही नातवाला म्हटलं, माप बघू. त्याने शाळेच्या पट्टीने लादी मोजली आणि म्हणाला, आजोबा, तुम्हाला गॅलरीत राहायला लागेल! हसलो सगळे. पण पुढे खरोखरच आमची खाट गॅलरीच्या दाराशी गेली.

कारण मुलगा टेम्पो चालवतो आणि माल वाशीच्या बाजार समितीतून उचलतो. कांदा-बटाटा, भाजी, फळं, मसाला, धान्य, सगळ्या मुंबईचं पोट त्या पाच मार्केटांवर. देश बंद होता तरी भाजी थांबून चालणार नव्हतं. एप्रिलच्या शेवटी तिथे रुग्ण वाढू लागले आणि ११ ते १७ मे हा पूर्ण आठवडा पाचही मार्केट बंद ठेवावी लागली. त्या आठवड्यात मुलगा घरी होता, पण घरात नव्हता. तो खाली टेम्पोतच झोपायचा. सूनबाई डबा भरून दोरीने पिशवी खाली सोडायची. मार्केट सुरू झालं तरी जूनच्या मध्यापर्यंत त्याचं अंथरूण टेम्पोतच. कशासाठी? तर आम्हा दोघांना रक्तदाब, मंडळींना साखर. आम्ही गॅलरीतून वाकून बघायचो, तो वर बघून हात करायचा. चाळिशीचा माणूस, दिवसभर पोती उचलून आलेला आणि आमच्या जिवासाठी पत्र्याच्या पेटीत उकडत निजतो. त्या दिवसांत आम्हाला आजाराची भीती कमी वाटली. आपल्यापायी घराला हा त्रास होतोय, याचंच ओझं जास्त होतं. हे त्या वेळी आम्ही कुणाला बोललो नाही. म्हातारी माणसं असलं बोलत नाहीत.

दिवस असा जायचा. पहाटे पाचला जाग, ती कारखान्याच्या पहिल्या पाळीची सवय. संडासाला गर्दी व्हायच्या आत जाऊन यायचं, नळाची कडी साबणाने धुवायची. अंघोळ, बुद्धपूजा, पंचशील. मग चहा. आणि चहा झाल्यावर? पूर्वी चहा झाला की आम्ही चार-पाच जण निसर्ग उद्यानात फिरायला जायचो. जिथे एकेकाळी कचऱ्याचे डोंगर होते तिथे आता झाडं आहेत, तिथली सकाळची हवा म्हणजे आमचं औषध. त्याला कुलूप. वर्तमानपत्र बंद. विहाराला कुलूप. नऊपासून बारापर्यंत घड्याळाकडे बघणं. दुपारी जेवण, जरा पडणं, उठल्यावर पुन्हा घड्याळ. दूरदर्शनवर जुनं 'रामायण' सुरू झालं होतं, शेजारी ते लागायचं. आमच्याकडे बाबासाहेबांच्या जीवनावरची मालिका बघायचे, पण चित्रीकरणच बंद पडल्यामुळे तेच ते भाग पुन्हा दाखवू लागले. आमची मंडळी म्हणाली, "पुन्हा बघितलं म्हणून बिघडतंय होय? बाबासाहेबच हायेत." तेही बरोबरच.

काढ्याचंही सांगितलं पाहिजे. आलं, मिरी, दालचिनी घालून दिवसातून तीनदा काढा. त्याने घसा जरा बरा वाटायचा, पण काहींच्या पोटात आग पडली. त्यातच अर्सेनिक अल्बम ३० नावाच्या होमिओपॅथीच्या गोळ्या जिकडेतिकडे वाटल्या जात होत्या. त्यांनी कोरोना टळतो याला कसलाही पुरावा नव्हता. कालाम सुत्त आपण दर वर्षी इथे ऐकतो, पारखल्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नका म्हणून. आणि गोळ्यांची डबी आली की रांगेत पहिले आपणच! वाटणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण गोळ्या घेतल्या म्हणून मास्क खाली ओढून फिरणारी माणसं आम्ही पाहिली, म्हणून बोलतो.

१४ एप्रिल आला. आयुष्यात पहिल्यांदा जयंतीला रस्त्यावर पाऊल नाही. नेमकी त्याच दिवशी सकाळी दहा वाजता टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढवल्याची घोषणा झाली. समितीने फोनवर निरोप दिला होता, की घराघरांतच अभिवादन करा, गर्दी नको, फटाके नकोत. पोरांनी तो पाळला. सूनबाईने खीर केली. आम्ही पांढरा सदरा घातला, निळा रुमाल गळ्यात घेतला आणि खोलीतल्या खोलीत फोटोला हार घातला. हारही कागदाचा, फुलं कुठली मिळायला. संध्याकाळी गल्लीतल्या खिडक्याखिडक्यांत मेणबत्त्या लागल्या. डीजे नव्हता, त्यामुळे एरवी ऐकू न येणारी गोष्ट ऐकू आली. चार घरं पलीकडे कुणीतरी वंदना म्हणत होतं आणि आवाज ओळखीचा होता.

तो आवाज आक्कांचा. आक्का आज इथे समोर बसल्या आहेत, हाताने नको नको म्हणतायत. आक्का, रागवू नका, नाव घेत नाही.

आक्का एकट्या राहतात. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. सेक्टरमधल्या तीन घरी धुणंभांडी करायच्या आणि निराधारांची पेन्शन, ती त्या वेळी महिना १००० रुपये. टाळेबंदी लागली आणि सोसायट्यांनी बाहेरच्या बायांना फाटकावरच अडवलं. तीनपैकी एका घराने पगार घरपोच पाठवला, दोन घरांनी फोन उचलणं बंद केलं. पण आक्कांना पैशांपेक्षा दुसरंच टोचत होतं. रोज सकाळी विहार झाडून दिवा लावायचं काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलेलं. विहार बंद झालं आणि बाहेर पडायचं कारणच संपलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा साधा मोबाइल लागेना. वाटलं, चार्जिंग नसेल. खरं म्हणजे रिचार्ज संपला होता, दुकान बंद आणि कुणाला सांगायचं तर फोनच नाही. दोन दिवस त्या जेवल्या नव्हत्या. घरात तांदूळ होता. शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो फुकट तांदूळ एप्रिलपासून मिळत होता, तो पडून होता. त्या नंतर म्हणाल्या, "एकटीसाठी चूल पेटवावी असं वाटंना."

त्यांना पाहिलं ते घरमालकीण काकूंनी. आगरी घरातली बाई, आपल्या विहारात कधी पाऊल टाकलेलं नाही. त्यांनी दार वाजवून वाजवून उघडायला लावलं आणि त्या दिवसापासून रोज दुपारी तांदळाची भाकरी आणि कालवण दारात ठेवू लागल्या. भाड्याची वसुली तीन महिने पुढे ढकला असं आवाहन राज्य सरकारने एप्रिलमध्ये केलं होतं. काकूंनी ते पुढे ढकललं नाही, सोडूनच दिलं. ही नोंद या स्मरणिकेत राहिली पाहिजे, म्हणून मुद्दाम सांगतो.

तिथून महिला मंडळाची वही सुरू झाली. दोनशे पानी वही. वस्तीत साठीच्या पुढचं कोण कोण आहे, कुणासोबत राहतं, गोळ्या कोणत्या, शेजाऱ्याचा नंबर काय. सुरुवातीला तरुण पोरं फोन करायची. "आजोबा, बरे आहात ना? काही लागतंय का?" आम्ही म्हणायचो, बरं आहे. फोन बंद. दहा सेकंदांचं काम. मग मंडळातल्याच एका ताईने सुचवलं, की म्हाताऱ्यांना फोन करायला म्हाताऱ्यांनाच सांगा. प्रत्येकाने रोज अकरा वाजता तिघांना फोन करायचा. बघा, काय फरक पडला! आम्हाला काम मिळालं. अकरा वाजायची वाट बघायला लागलो. आमच्या वाट्याला तिघे आले, त्यात एक आक्का. म्हातारा म्हाताऱ्याला 'बरे आहात ना' असं विचारत नाही. तो विचारतो, आज शौचाला झालं का, गुडघा कसा आहे, रात्री किती वेळा उठलात, सून बोलली का काही. खरी बातमी त्यातून कळते. एका काकांच्या पायाला सूज आहे हे अशाच फोनवर कळलं आणि वेळेत डॉक्टर गाठता आला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात नवी मुंबईत पुन्हा कडक टाळेबंदी लागली आणि ५ तारखेची आषाढी पौर्णिमा तिच्यातच आली. वर्षावास. दर वर्षी या तीन महिन्यांत विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन होतं. या वेळी कुठे बसणार? पोरांनी फोन जोडून देण्याची युक्ती काढली. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी आपापल्या घरी कानाला फोन लावून ऐकायचं. एका वेळी चार-पाच जणच जोडता यायचे, म्हणून दोन-तीन गट केले. आमच्या नातीचा ऑनलाइन वर्ग आणि आमचं वाचन एकाच फोनवर, तेव्हा तिच्या गणिताच्या तासाला आम्ही गप्प. आक्कांना अक्षर येत नाही, पण ग्रंथातला एखादा प्रसंग वाचणाऱ्याने गाळला तर पलीकडून आवाज यायचा, "मागचं राहिलं बरं का!"

त्या वाचनाच्या ओघात भन्तेजींनी फोनवरून महापरिनिब्बान सुत्तातला एक प्रसंग सांगितला, तो आम्हाला फार लागला. तथागतांचं वय ऐंशी. शेवटचा वर्षावास. त्यांनी भिक्खूंना सांगितलं, की वैशालीच्या आसपास ज्याची जिथे ओळख आहे तिथे त्याने वर्षावास करावा. आणि स्वतः आनंदाला घेऊन बेलुव नावाच्या लहानशा गावी राहिले. तिथेच ते मोठे आजारी पडले. त्या आजारातून उठल्यावर आपल्या म्हातारपणाबद्दल ते अगदी उघडपणे बोलतात, जुनी गाडी बांधून-आवळून चालवावी तसं हे शरीर चाललंय म्हणतात. आम्ही हे खाटेवर पडून ऐकत होतो. ऐंशी वर्षांचा माणूस, संघ पांगलेला, पाऊस आणि आजार. यापूर्वी हा प्रसंग आम्ही वीस वेळा तरी ऐकला असेल, पण तेव्हा आम्ही तरुण होतो आणि लक्ष पुढच्या उपदेशाकडे असायचं.

आता एक दुःखाची गोष्ट. ती आटोपती घेतो. आमच्या पायरीवरचे एक सोबती, कारखान्यातले आमचे जोडीदार, जूनमध्ये तापाने आजारी पडले. त्यांना एका रुग्णालयात नेलं. अकरा दिवस. घरच्यांना भेटू देत नव्हते, ते समजू शकतो, पण फोनवर नीट सांगायलाही कुणी नव्हतं. गेले ते दुसऱ्या दिवशी कळलं. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, पण इथे वीस कुठली, मुलगा आणि पुतण्या, दोघेच आणि तेही लांबून. आम्ही चार गल्ल्यांवर राहतो, आम्हाला जाता आलं नाही. जलदानविधी आणि पुण्यानुमोदन फोनवर झालं. भन्तेजी तिकडून गाथा म्हणत होते, इकडे वहिनी तांब्यातून पाणी सोडत होत्या आणि फोनच्या स्पीकरमध्ये खरखर. सत्तावीस वर्षे ज्याच्यासोबत एका डब्यात जेवलो, त्याला खांदा देता आला नाही. हे आजही आमच्या मनातून जात नाही.

तरुण मंडळींना एक विचारायचं आहे. जूनमध्ये 'मिशन बिगिन अगेन' आलं. उद्यानं उघडली, पुढे दुकानं उघडली, १५ जूनपासून अत्यावश्यक सेवेवाल्यांसाठी लोकल सुरू झाली. आम्ही मात्र आतच. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. तुम्ही काळजीपोटी आम्हाला आत ठेवलं, हे कबूल. या आजारात म्हाताऱ्या माणसाला धोका सर्वांत जास्त होता, हेही खरं, तेव्हा नियम चुकीचा होता असं आम्ही म्हणणार नाही. पण आम्हाला विचारलं का? सकाळी सहाला गल्लीत कुणी नसतं तेव्हा मास्क लावून दोन फेऱ्या मारू द्या, एवढंच आमचं म्हणणं होतं. "नको नको, तुम्ही बसा" हेच उत्तर. बसून बसून पाय गेले. आमच्यातले दोघे त्या सहा महिन्यांत चालणंच विसरले. एक काठीवर आले, एक अंथरुणावर. त्यांना कोरोना झालेलाच नव्हता. ज्वारीचं पोतं कोरडं राहावं म्हणून माळ्यावर टाकावं, तसं आम्हाला टाकलं होतं. वाईट वाटून घेऊ नका, पण ते तसंच होतं.

एक हिशेब मांडतो. सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा त्यांनी यशवंतांना बोलावून घेऊन गावाबाहेर दवाखाना काढला आणि रोग्यांना तिथे पोहोचवता पोहोचवता त्यांनाच प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. वय किती झालं? ६६. म्हणजे २०२० च्या नियमाने त्यांना घरातच बसवलं असतं. आम्ही काही सावित्रीमाई नाही आणि रोगही वेगळा होता. पण म्हातारं माणूस म्हणजे फक्त सांभाळायची वस्तू नाही, एवढं त्या हिशेबातून आम्ही आमच्या मुलाला पटवलं. १ नोव्हेंबरपासून सकाळची फेरी मंजूर झाली!

पुढचं भराभर सांगतो. १६ नोव्हेंबर २०२० रोजी राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. विहाराचं दार उघडलं तेव्हा आक्का झाडू घेऊन आधीच उभ्या. आठ महिन्यांची धूळ, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येऊ नका, घरूनच अभिवादन करा असं आवाहन होतं, म्हणून दूरदर्शनवर बघितलं. कोपरखैरण्याहून वाशी, वाशीहून कुर्ला, कुर्ल्याहून दादर, इतक्या वर्षांत ही वाट पहिल्यांदाच चुकली. १ मार्च २०२१ पासून साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली. कोविनवर नाव नोंदवणं आमच्या आवाक्याबाहेरचं होतं, विहारातल्या पोरांनी रात्री बसून वहीतली नावं एकेक करून चढवली. आक्कांच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी. आपल्या अर्ध्या वस्तीची तीच आहे! दुसऱ्या लाटेत एप्रिलमध्ये विहार पुन्हा बंद झालं, ते ७ ऑक्टोबर २०२१ ला उघडलं. पण त्या वेळी कुणी दोन दिवस उपाशी राहिलं नाही, कारण अकराचे फोन सुरू होते.

ती वही विहाराच्या कपाटात आहे. परवा आम्ही काढून पाहिली. बरेच नंबर आता लागत नाहीत, काही नावांपुढे महिला मंडळाने तारीख लिहिली आहे, ती कशाची ते आपण समजून घ्यावं. आणि त्या वेळी पन्नाशीत असलेली, फोन जोडून देणारी बरीच मंडळी आता साठीला आलीत, त्यांची नावं तिच्यात नाहीत. नवी वही आणली आहे. दाराजवळच्या टेबलावर पेन बांधून ठेवली आहे, आक्का तिथे बसतील. खीर घ्यायच्या आधी साठीच्या वरच्यांनी नाव, नंबर आणि शेजाऱ्याचा नंबर लिहावा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं आमची नात लिहील. आक्कांना अकरा वाजता कुणाचे फोन हवेत, ते त्यांनी आधीच सांगून ठेवलं आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.